सुइणीने न सांगितलेले नाव

शास्ता, म्हणजे भिक्षूंचे गुरू भगवान, श्रावस्तीजवळच्या विहारात राहत असताना ही कथा सांगितली गेली. निमित्त असे झाले, की शेजारच्या गावात एका कुंभाराची तरुण बायको बाळंतपणात दोन दिवस अडली आणि मेली. भिक्षुणी विपुला त्या गावात भिक्षेला गेली होती. तिने परत येऊन हे सांगितले तेव्हा सुनंद नावाचा भिक्षू म्हणाला, "दोन दिवस अडली म्हणजे तिचं काहीतरी असणार. उगीच कोणी अडत नाही." तो हे दुष्टपणाने बोलला नाही. यंदा पाणी कमी आहे असे लोक म्हणतात, तितक्या सहज बोलला. शास्त्यांच्या कानावर हे गेले तेव्हा ते म्हणाले, "उगीच कोणी अडत नाही, ही समजूत फार जुनी आहे." आणि त्यांनी गतजन्मीची गोष्ट सांगितली.

पूर्वी अंजनवती नगरात राजा रेणुसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या बुरुडआळीत एका सुइणीच्या पोटी मुलगी म्हणून जन्माला आला. बोधिसत्त्व स्त्रीचा जन्म घेत नाही, असे काही पंडित म्हणतात. पंडितांनी बाळंतपणे केलेली नाहीत, तेव्हा त्यांचे म्हणणे आपण बाजूला ठेवू. मुलीचे नाव पेशला ठेवले. ती मोठी झाली, आईच्या हाताखाली शिकली आणि आई गेल्यावर नगरातल्या निम्म्या घरांत तिला बोलावणे येऊ लागले.

तिची काम करायची रीत साधी होती. ती घरात शिरली की आधी गर्दी बाहेर काढायची. अडलेल्या बाईला ती आपल्या छातीशी पाठ टेकवून बसवायची आणि स्वतः मागे भिंतीला टेकायची. कळ आली की तिच्याबरोबर श्वास घ्यायची, कळ गेली की तिच्या ओठांना पाणी लावायची. हात लावण्याआधी ती दर वेळी सांगायची, "आता हात लावते हं." पोटातले मूल आडवे असेल तर तिळाचे तेल कोमट करून, दोन्ही अंगठे नेमके ठेवून, ती ते बाहेरूनच फिरवायची. हे सगळ्यांना जमत नाही. आणि मुलामागची वार पडून बाई निजेपर्यंत ती जागची उठायची नाही. आपल्याला काय होते आहे हे कळत नसलेल्या बाईला कोणीतरी उठून जाणार नाही एवढे कळले तरी पुष्कळ होते, असे ती म्हणे.

आता त्या नगराची रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे झाले.

अंजनवतीत कळा सुरू झाल्या की दाराबाहेर सूप टांगीत. सूप टांगल्यापासून दिवस मोजायचा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत मूल झाले नाही, तर बाईच्या पोटात मुलाबरोबर दोष आहे, म्हणजे मूल परपुरुषाचे आहे, असे धरीत. मग आळीतले पाच पंच येऊन ओसरीवर बसत. आत बाईचे पाणी बंद होई, अंगावरचा सुइणीचा हात काढला जाई आणि तिला विचारीत, "कोणाचं नाव? नाव सांग म्हणजे सुटशील." याला दोषपृच्छा म्हणत. जे नाव ती घेईल ते सुइणीने ऐकून बाहेर पंचांना सांगायचे. नाव सांगितल्यावर मूल झाले, तर दोष खरा होता म्हणून बाईला माहेरी हाकलीत आणि मूल ठेवून घेत. नाव सांगूनही ती मेली, तर दोष फार मोठा होता. नाव न सांगता मेली, तर दोष सांगण्यासारखाही नव्हता. रीत अशी होती की ती कधीच चुकत नसे. तहानेने व्याकूळ झालेली बाई दिराचे नाव घेई, तेल्याचे घेई, एकीने तर देवळातल्या पुजाऱ्याचे घेतले. तो ऐंशी वर्षांचा होता. त्यालाही बोलावून विचारले.

पेशलेने तीस वर्षांत एकदाही ही पृच्छा केली नव्हती. ती सूप उशिरा टांगायची, एवढेच. कळा पहाटे सुरू झाल्या तरी सूप दुपारी दारावर चढे. सूप केव्हा टांगायचे हे सुइणीने ठरवायचे, असे रीतच सांगत होती, आणि पेशला रीत मोडीत नव्हती. ती फक्त रीतीपेक्षा हळू चालायची.

त्या नगरातला मोठा व्यापारी सागरदास. त्याची बायको तारावली. त्यांचा मुलगा तांडा घेऊन पश्चिमेला गेला होता आणि सून विरजा पहिलटकरीण होती. एका सकाळी तिचे पोट दुखू लागले. तारावलीने पेशलेला बोलावणे पाठवले, आणि वाट बघताना आपल्या हाताने दाराबाहेर सूप टांगले. तिच्या मनात काही वाईट नव्हते. श्रीमंताघरी सगळे वेळेवर व्हावे असे तिला वाटे. पेशला आली तेव्हा सूप बघून दारातच थांबली.

"हे कुणी टांगलं?"

"मीच. का?"

"पहिलटकरणीला पहिली कळ म्हणजे कळ नव्हे, बाई. अजून दिवस जायचाय."

"मग जाईल दिवस," तारावली म्हणाली. "सूप काय खातंय का तुझं?"

टांगलेले सूप काढता येत नसे. पेशला आत गेली.

मूल आडवे होते. तो दिवस गेला, आणि रात्रही गेली. पेशलेने दोनदा मूल फिरवले आणि दोनदा ते परत आडवे झाले. विरजा लहान होती, सतरा-अठरा वर्षांची. कळ आली की ती पेशलेच्या मांडीत नखे रोवायची आणि कळ गेली की माफी मागायची. पेशला म्हणे, "रोव, रोव. मांडी माझीच आहे, उसनी आणलेली नाही." विरजा त्यातही एकदा हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपाला एक दिवस पुरा झाला. पंच येऊन ओसरीवर बसले. त्यांना दूध दिले गेले. तारावली आत आली आणि पाण्याचा तांब्या उचलून बाहेर ठेवला. मग पेशलेला म्हणाली, "उठ तिच्या मागनं. विचार तिला."

"मी नाही विचारणार."

"तू सुईण आहेस. तुलाच विचारायचं असतं."

"सुईण आहे म्हणूनच नाही विचारणार. मूल आडवं आहे, बाई. नावानं सरळ होत नाही ते. तेलानं होतं."

तारावलीने पदर खोचला. मग म्हणाली, "माझ्या वेळी दीड दिवस पाण्यावाचून काढला मी. सासू विचारत होती, मी तोंड उघडलं नाही. मेले का? हिला काय होतंय?" हे ती अभिमानाने बोलली. दीड दिवसाची ती तहान तिने तीस वर्षे दागिन्यासारखी जपली होती, आणि आता ती सुनेच्या अंगावर घालायला निघाली होती. आपण सोसले म्हणजे दुसऱ्याने सोसलेच पाहिजे, याहून क्रूर हिशेब जगात नाही, आणि तो करणारी माणसे स्वतःला क्रूर समजत नाहीत.

पेशला उठली नाही. तिने पदराचे टोक आधीच तांब्यात बुडवून ठेवले होते. ते ती विरजेच्या ओठांवर पिळत राहिली. मग तारावलीच सुनेच्या समोर बसली आणि विचारू लागली, "नाव सांग. कुणाचं नाव? सांग म्हणजे सुटशील." एकच प्रश्न, पुन्हा पुन्हा. एका मोठ्या कळेत विरजेने मान मागे टाकली, तिचे तोंड पेशलेच्या कानाशी आले आणि तिने एक नाव घेतले.

ते पेशलेने ऐकले. दुसऱ्या कोणी ऐकले नाही. तारावलीने फक्त ओठ हलताना पाहिले.

"काय म्हणाली?"

पेशला म्हणाली, "आता पोटाला हात लावते हं, पोरी." आणि तिने तेल घेतले. या वेळी मूल फिरले आणि फिरलेलेच राहिले. दुपार व्हायच्या आत विरजा सुटली. मुलगी झाली. रडली, प्याली, निजली. पेशलेने नाळ कापली, वार पडण्याची वाट पाहिली, विरजेला गरम पाण्याने पुसले आणि मगच ती ओसरीवर आली.

पंचांतला म्हातारा म्हणाला, "नाव?"

"मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

"ते कळलं. नाव काय घेतलं?"

"कळांत जे निघतं ते नाव नव्हे, बाबा. तुमचं बोट दारात चेमटलं तर तुम्ही काय बोलता, ते मी आळीला सांगत फिरू का?"

पंचांना हे आवडले नाही. सुईण नाव लपवू लागली तर उद्या पृच्छेला अर्थ काय, असे त्यांनी राजाकडे जाऊन सांगितले.

राजा रेणुसेन वाईट नव्हता. वाईट नसणे एवढाच त्याचा गुण होता. त्याला कोणाशी वाकडे घ्यायला आवडत नसे, आणि ज्याला कोणाशीच वाकडे घ्यायचे नसते त्याला शेवटी दुबळ्याशीच वाकडे घ्यावे लागते. त्याने पेशलेला बोलावले आणि सगळ्यांना दूर बसवून गोडीत म्हटले, "पेशले, राणीला सातवा महिना आहे. तुझा हात चांगला, असं सगळे म्हणतात. तू राजवाड्यात ये. तुला घर देतो, दोन दासी देतो, जन्माची ददात राहणार नाही. फक्त ते नाव माझ्या एकट्याच्या कानात सांग. मी पंचांना सांगेन, मला कळलंय आणि मी बघतो. रीतही राहील आणि कोणाचं वाईटही होणार नाही."

पेशला म्हणाली, "महाराज, तुमचा कान चांगला आहे. पण कानाला शेजारी असतात."

"म्हणजे नाही सांगणार?"

"राणीसाहेबांच्या वेळी मी बोलावल्याशिवायसुद्धा येईन. पण त्यांनाही कळा येतील, महाराज. तेव्हा त्या जे बोलतील ते मी कोणाला सांगावं असं तुम्हाला वाटतं?" मग ती म्हणाली:

कळेने काढला शब्द
तो न बाईचा मानावा;
जो कानी पडला त्याने
तो कानीच मिटवावा.

राजाला उत्तर सुचले नाही. उत्तर सुचले नाही की राजे चौकशी वाढवतात. त्याने विरजेला सभेत आणायला सांगितले.

विरजेला बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. ती मुलीला घेऊन आली. तिच्या एका बाजूला तारावली होती, दुसऱ्या बाजूला पंच. तिला आळीतल्या बायकांनी आधीच सांगितले होते, की नाव घेतले असे ठरले तर मुलगी इथेच राहील आणि तुला माहेरच्या वाटेला लावतील. माहेरी तिचे कोणी उरले नव्हते. ते बारा दिवस ती मुलीला पाजत होती आणि याच गोष्टीचा विचार करीत होती.

राजा म्हणाला, "त्या दिवशी तू नाव घेतलंस का?"

विरजेने पेशलेकडे पाहिले नाही. ती म्हणाली, "मी काही बोलले नाही. हिनंच माझ्या कानात नाव घातलं. म्हणाली, हे कबूल कर, तर पाणी देते."

सभेत कुजबुज झाली. तारावलीला ठाऊक होते की पाणी तिने स्वतः बंद केले होते आणि सुइणीने पदर पिळून पाजले होते. तिने तोंड उघडले आणि परत मिटले. घराची अब्रू वाचत होती.

"कोणाचं नाव घातलं?" राजाने विचारले.

"कळांत होते. आठवत नाही."

राजा पेशलेकडे वळला. "हे खरं आहे का?"

बोधिसत्त्वाने खोटे बोलायचे नसते. पेशलेने "खरे" म्हटले असते तर ते खोटे झाले असते. "खोटे" म्हटले असते तर विरजा खोटी ठरली असती, पृच्छा पुन्हा उघडली असती, आणि एक मूल आईवाचून राहिले असते. पण विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलेच पाहिजे, असे कुठल्याही शीलात सांगितलेले नाही. पेशलेने विरजेकडे पाहिले. मुलीला उराशी धरून ती अजून उभीच होती.

"महाराज, बाराच दिवस झालेत तिला," पेशला म्हणाली. "तिच्या अंगात अजून रक्त भरलेलं नाही. तिला बसायला सांगा."

"मी काय विचारतोय?"

"मी ऐकलं, महाराज. तिला बसू द्या आधी."

आणखी ती काही बोलली नाही. राजाने तीनदा विचारले. तिच्या गप्प राहण्याचा जो अर्थ लावायचा तो सगळ्यांनी लावला, कारण तो सगळ्यांच्या सोयीचा होता. पंचांची रीत वाचली, व्यापाऱ्याचे घर वाचले, विरजा वाचली आणि राजाला वेळेवर जेवायला जाता आले. बाळंतिणीच्या तोंडात खोटे नाव घालणाऱ्या सुइणीला शिक्षा ठरलेली होती. तिचे दोन्ही अंगठे तोडायचे.

ते त्याच दिवशी, सभेच्या मागच्या अंगणात झाले. शिक्षा देणाऱ्या मारेकऱ्याची बायको दोनदा पेशलेच्याच हातून सुटली होती. त्याने मान फिरवून घाव घातला, म्हणून दुसरा अंगठा एका घावात तुटला नाही. विरजा त्या वेळी बाहेर पालखीत बसत होती. तिने मुलीच्या कानांवरून कापड नीट ओढून घेतले.

पेशलेला विरजेचा राग आला का? आला. दोन दिवस आणि एक रात्र आला. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "तिची मांडी असती आणि माझी नखं असती, तर मी असं केलं असतं का?" दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. मग तिला ताप भरला. ताप उतरल्यावर ती म्हणाली, "सतरा वर्षांची आहे. तिला मूल हवं होतं." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. राग येत नाही तो बोधिसत्त्व नव्हे, दगड. आलेल्या रागाला घरात बसवून ठेवत नाही, तो बोधिसत्त्व.

पेशलेच्या शिक्षेनंतर नगरातल्या सुइणी शहाण्या झाल्या. त्या पहिल्या कळेलाच सूप टांगू लागल्या, आणि ऐकलेले नाव पंचांनी विचारायच्या आत सांगू लागल्या. बायकाही शहाण्या झाल्या. दिवस राहिले की त्या कोणातरी मेलेल्या पुरुषाचे नाव पाठ करून ठेवू लागल्या, म्हणजे वेळ आली तर जिवंत माणसाचे वाटोळे नको. एकाच वर्षात नगरातल्या तीन घरांतून एका जुन्या, बुडून मेलेल्या नावाड्याचे नाव आले. पंचांनी खूप विचार केला आणि तो मेल्यावरही सुधारला नाही असे ठरवले.

पेशला आता नाळ कापू शकत नव्हती आणि मूल फिरवू शकत नव्हती. पण बुरुडआळीतल्या बायका तिला बोलावत. ती भिंतीला टेकून मागे बसायची, त्यांच्याबरोबर श्वास घ्यायची, आणि हाताचे काम दुसरी कोणी करायची. "हात लावते हं," असे आता ती दुसरीला म्हणायला सांगायची.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी बुरुडआळीच्या तोंडाशी तारावली उभी दिसली. पालखी नव्हती, दासी नव्हती, पायांत धूळ होती. पेशला कामट्या वाळत घालत होती.

"चल," तारावली म्हणाली.

"कुठं?"

"विरजा अडलीय. कालपासून. मूल आडवं आहे, असं त्या सुइणी म्हणतात."

पेशलेने आपले हात तिच्यासमोर धरले. आठ बोटे होती. "हे बघा, बाई. फिरवायला अंगठे लागतात."

"मला माहीत आहे काय लागतं ते," तारावली म्हणाली. "ती तुलाच बोलावतेय. दुसरं काही बोलतच नाही."

पेशलेने कामट्या सोडल्या आणि पदराला हात पुसत ती निघाली.

दारावर सूप होते. ओसरीवर पंच होते, त्यांच्यापाशी परदेशातून परतलेला विरजेचा नवरा मान खाली घालून बसला होता. अंगठे तोडलेल्या बाईबरोबर आपण बसणार नाही, असे म्हणून आतल्या दोन्ही सुइणी उठून गेल्या. पेशला विरजेच्या मागे बसली आणि तिने तिला छातीशी टेकवून घेतले. विरजेने डोळे उघडले नाहीत, पण मागे कोण आहे हे तिला कळले. ती रडू लागली.

"रडू नको, दम जातो," पेशला म्हणाली. "आता हात लावते हं."

तिने तळव्यांनी प्रयत्न केला. तेलात तळवे सरकत होते. मूल अर्धे फिरे आणि परत येई. जिथे अंगठा रुतवून धरायचे तिथे धरायला काही नव्हते. पेशलेने तारावलीला समोर बसवले. "तुमचे हात द्या, बाई. इथं ठेवा. अंगठा इथं, हाडाखाली. दाबू नका. नुसतं धरा. मी सांगेन तेव्हा सरकवा. नाही, इतक्या जोरात नाही." तारावलीने आयुष्यात सुनेला असा हात लावला नव्हता. तिच्या हातांतल्या बांगड्या आधी काढाव्या लागल्या. तिने मनापासून केले, पेशलेने सांगितले तसे केले, पण तीस वर्षांत शिकायची गोष्ट एका दुपारी शिकता येत नाही. तांब्या या वेळी आतच होता. तो कोणी बाहेर नेला नाही.

ऊन उतरता उतरता विरजेने मान मागे टाकली आणि पेशलेच्या कानात काहीतरी सांगितले. या वेळचे बोलणे लांब होते. मधे कळ आली, तरी तिने ते पुरे केले. पेशलेने "हो" म्हटले. थोड्या वेळाने विरजा तिच्या अंगावरच गेली. मूलही गेले.

पेशला लगेच उठली नाही. वार पडेपर्यंत उठायचे नाही ही तिची रीत होती, आणि आता वार पडणार नव्हती, म्हणून केव्हा उठायचे हे तिला कळेना. शेवटी तारावलीने तिला हात देऊन उठवले.

ओसरीवर पंच उभे राहिले. म्हाताऱ्याने विचारले, "काही बोलली?"

"पाणी मागितलं," पेशला म्हणाली. "मी दिलं."

"आणखी?"

पेशला पायरी उतरून चालू लागली. तारावली पुढे झाली, तिने दारावरचे सूप ओढून काढले आणि पंचांच्या देखत पायाखाली मोडले. पंचांनी तिला शोकाने वेड लागले असे ठरवले आणि दुसऱ्या दिवशी त्या दारावर नवे सूप दिले.

यानंतर ती रीत बंद झाली, असे सांगता आले असते तर बरे वाटले असते. ती बंद झाली नाही. तीन वर्षांपूर्वी राणी बाळंत झाली तेव्हाही राजवाड्याच्या दारावर सूप टांगले नव्हते, कारण राजांच्या घरी दोष नसतो. बाकी नगरात ते पुढे पुष्कळ वर्षे टांगले जात होते. पेशला म्हातारी होऊन बुरुडआळीत मेली. तोवर ती जिच्या-जिच्या मागे बसली, तिचा एकही शब्द बाहेर गेला नाही.

एवढे सांगून शास्ता थांबले. मग त्यांनी दोन्ही काळ जोडले. "त्या वेळची तारावली आज श्रावस्तीतली गृहिणी धनिका आहे. शहरात कोणी अडली असे कळले की ती न बोलावता जाते आणि समोर बसते. पेशला मीच होतो. विरजाही आज याच सभेत आहे. तिचे नाव मी घेणार नाही."

भिक्षू एकमेकांकडे बघू लागले. काहींनी भिक्षुणींच्या रांगेकडे पाहिले, आणि तिथे बऱ्याच जणींनी माना खाली घातल्या होत्या. सुनंदाला राहवले नाही. तो हात जोडून म्हणाला, "भगवन्, निदान एवढं तरी सांगा. पहिल्या वेळी विरजेनं कोणाचं नाव घेतलं होतं?"

शास्त्यांनी त्याच्याकडे पाहिले. त्यांच्या पाहण्यात राग नव्हता.

"राजा रेणुसेन तू होतास, सुनंद," ते म्हणाले. "तू तेव्हाही हेच विचारलं होतंस."

सुनंद खाली बसला.

या कथेतली पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला नेलेला गुण, करुणा आहे. क्षांतीही, म्हणजे सोशिकताही, तिच्यात दिसते, पण ती पेशलेला करावी लागली, कारण त्या नगरात वेळेवर करुणा करणारी ती एकटीच होती.